शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक नको. आधी श्वास मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी चार वर्षांची, वजन १६ किलो, तापाचा आज तिसरा दिवस. नाकातलं पाणी घट्ट होऊन हिरवं झालंय, कालपासून दोन उलट्या आणि थोडे जुलाब. डॉक्टरांनी तपासून 'व्हायरल आहे' म्हणून फक्त पॅरासिटामॉल दिलं. घरात मागच्या आजारपणातली अँटिबायोटिकची अर्धी बाटली आहे आणि घरचे म्हणतात, तीच सुरू करू. शिवाय ही दर महिन्याला आजारी पडते, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी आहे का, हेही तुम्ही विचारलंय.

ती बाटली देऊ नका. मी २६ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. नुसतं 'नको' म्हणून भागत नाही हे मला माहीत आहे, कारण रात्री दोन वाजता ताप १०३ वर गेला की आईचा हात त्या बाटलीकडे जातोच. म्हणून कारणासकट सांगते.

शेंबडाचा हिरवा रंग जंतूंचा नसतो, तो आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. विषाणूशी लढायला त्या नाकात गोळा होतात. त्यांच्यात लोह असलेलं एक हिरवट द्रव्य असतं, आणि त्या मरून साचल्या की शेंबूड पिवळा, मग हिरवा दिसतो. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होतं आणि आपोआप जातं. रंगापेक्षा दिवस बघायचे. सर्दी दहा दिवस उलटूनही जराही कमी होत नसेल, किंवा बरं वाटता वाटता अचानक पुन्हा ताप भरून नाक-डोकं दुखायला लागलं, तर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाल्याची शंका घ्यायची.

अँटिबायोटिक विषाणूवर का चालत नाही, तेही समजून घ्या. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जिवाणूला स्वतःभोवतीची भिंत बांधू देत नाहीत. विषाणूला भिंतच नसते, तो आपल्या पेशीत शिरून तिच्याच सामग्रीवर वाढतो. औषध मग पोटातल्या उपयोगी जिवाणूंना मारतं, आणि तुमच्या मुलीचे जुलाब आणखी वाढतील. अर्धी बाटली तर दुहेरी वाईट, कारण अपुऱ्या डोसात कमजोर जंतू मरतात आणि चिवट उरतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात नेमका हाच इशारा दिला होता. शिवाय पाणी घालून तयार केलेलं पातळ औषध जेमतेम एक-दोन आठवडे टिकतं. तुमच्या बाटलीला महिना झालाय.

अँटिबायोटिक लागतच नाही असं मात्र कुणी समजू नका. घसा खूप दुखतोय, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, गळ्याच्या गाठी दुखतायत, पण सर्दी-खोकला अजिबात नाही, असं असेल तर तो स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचा घशातला संसर्ग असू शकतो. त्याच्यावर वेळेत आणि पूर्ण कोर्स झाला नाही तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तसंच, लहान मुलीला ताप आहे आणि नाक-खोकला-पोट सगळं ठीक आहे, तर लघवी तपासून घ्या. लघवीचा संसर्ग बरेचदा असाच मुकाट्याने येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थर्मामीटर आपल्याला घाबरवतो, पण आजार किती गंभीर आहे ते त्याच्यापेक्षा श्वास जास्त खरं सांगतो. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचा कपडा वर करा आणि पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे खोकला असलेल्या मुलात एक ते पाच वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त आणि दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही जास्तच भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका. ताबडतोब निघा.

दुसरी खूण म्हणजे ताप उतरल्यावरचं मूल. १०३ तापात मलूल पडलेली मुलगी औषधानंतर १०० वर आली, चार घोट प्यायली, खेळणं मागू लागली, तर बहुधा ठीक आहे. ताप कमी होऊनही ग्लानीत असेल, डोळ्याला डोळा देत नसेल, पाणी नको म्हणत असेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, मान वाकवता येत नसेल, किंवा अंगावर असे लालसर डाग असतील की काचेचा पेला दाबला तरी फिके होत नाहीत, तर रात्र काढू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर यातल्या कशाचीच वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

बहुतेक विषाणूजन्य ताप तीन-चार दिवसांत ओसरतात, फ्लूचा पाचव्या दिवसापर्यंत खेचतो. खोकला मागे दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरू नका. पाच दिवसांवर गेलेला ताप मात्र अंगावर काढायचा नाही. आणि जिथे डेंग्यू असतो तिथे ताप उतरतो ती वेळच धोक्याची असते. ताप गेला म्हणून सगळे निर्धास्त होतात, आणि त्याच एक-दोन दिवसांत पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा सुरू होतो. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन नको. ॲस्पिरिन तर मुलांना कुठल्याच व्हायरल तापात नको, त्याने मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम होऊ शकतो.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला एका वेळी १६० ते २४०. दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारच्या वर नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस या हिशेबाशी ताडून बघा, आणि बाटलीवरचा आकडा नक्की वाचा. पाच मिलीत १२० मिलिग्रॅमची बाटली असते तशी २५० ची पण असते. आमच्या वॉर्डात एक मुलगा आला होता. जुनी बाटली संपल्यावर आईने नवी आणली आणि सवयीने तेवढीच दहा मिली देत राहिली, दोन दिवस. नवी दुप्पट ताकदीची होती, आणि सोबतच्या सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल होतंच. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण यकृताच्या तपासण्यांचे निकाल येईपर्यंत त्या माउलीचा चेहरा मी बघितलाय. म्हणून हे इतकं लांबवून लिहितेय.

गार पाण्याने अंग पुसून मूल कुडकुडत असेल तर थांबवा, कुडकुडण्याने आतली उष्णता उलट वाढते. तापात झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेला तर तातडीची मदत बोलवा, आधी थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

उलटी-जुलाबासाठी ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कमी नाही, जास्त नाही. आतड्यात साखर शोषली जाताना मीठ सोबत ओढते आणि त्यामागून पाणी येतं, जुलाब चालू असतानाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलराची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच पाजलं. मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. घटाघटा प्यायला दिलं की पुन्हा उलटी होते. जुलाब थांबले नाहीत तर झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा.

राहिला प्रतिकारशक्तीचा प्रश्न. या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या, शाळा किंवा पाळणाघर असेल तर त्याहून जास्त, हे नेहमीचं आहे. सर्दी करणाऱ्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत आणि एक होऊन गेला म्हणून दुसरा टळत नाही. वजन वाढतंय, मधले दिवस छान जातायत, तर कुठलंही टॉनिक नको. लसी मात्र वेळेवर. फ्लूची दरवर्षी, कारण तो विषाणू रूप बदलत राहतो, आणि गोवराचे दोन्ही डोस, कारण गोवर इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली ओळखही पुसून टाकतो. हात साबणाने, वीस सेकंद. घरात उलटी-जुलाब असताना सॅनिटायझरवर विसंबू नका, उलटी-जुलाब करणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारशी दाद देत नाही.

आज ती झोपली की घड्याळ घेऊन जवळ बसा. श्वासाचा आकडा, वेळ आणि तेव्हाचा ताप कागदावर लिहून ठेवा. उद्याही ताप असेल तर चौथा दिवस लागेल. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तो कागद हातात असू द्या.