बाइकच्या डिकीतली बाटली

"मॅडम, थायरॉइड तर बायकांना होतो ना?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. वय 38, नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर, तीन पाळ्यांची नोकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

बायकांमध्ये याचं प्रमाण कितीतरी जास्त, हे खरंच. पण ग्रंथी पुरुषाच्या गळ्यातही असते, आणि ती मंदावली की त्यालाही सोडत नाही. यांचं वजन वाढलं होतं, मशीनसमोर उभ्या उभ्या पेंग यायची. डिसेंबरात नाशिकमध्ये सगळेच कुडकुडतात. हे मार्चमध्येही गोधडी सोडत नव्हते. खरं दुखणं मात्र त्यांनी शेवटी, खाली बघत सांगितलं. जवळ जायची इच्छाच उरली नव्हती.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारा हार्मोन, 14 निघाला होता. साधारण 4 च्या आत हवा. तीन महिने थायरॉइडची गोळी घेऊनही 11. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही थोडं कमी. जिममधला मित्र म्हणत होता, त्याचं इंजेक्शन घे, महिन्यात फरक. "घेऊ का?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळे इंजेक्शनचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी विचारलं, "गोळी घेता कधी?"

जरा वेळ गप्प. मग, "बाटली बाइकच्या डिकीत असते." घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. कँटीनमध्ये पोचलं की चहाबरोबर गोळी, आणि केस गळतात म्हणून लोह-कॅल्शियमची दुसरी गोळीही त्याच घोटाबरोबर. रात्रपाळीत आठवली तर.

चहा, लोह, कॅल्शियम ही गोळी अंगी लागू देत नाहीत. लोह-कॅल्शियम आणि या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. त्यात उन्हात तापलेली डिकी. औषध हरलं नव्हतं, ते लपवण्यात वाया जात होतं.

पुढच्या वेळी बायकोला घेऊन आले. त्या वर्षभर समजत होत्या की यांचं मन बाहेर कुठेतरी गुंतलंय. सगळं ऐकून चिडल्याच. "अहो, माझी आई दहा वर्षं हीच गोळी घेते! तिची बाटली फ्रिजवर असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. आणि तुम्ही डिकीत?" मी मध्ये पडले नाही. तो राग मला बरा वाटला.

हार्मोनच्या डॉक्टरांनी डोस न वाढवता वेळ बांधून दिली: झोपून उठल्यावर, मग सकाळ असो की दुपार, नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने. इंजेक्शनला स्पष्ट नकार. थायरॉइड मंद असला की टेस्टोस्टेरॉनही उतरू शकतं, त्यामुळे आधी तो ताळ्यावर आणायचा, मग सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासायचं. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू वृषणांना संदेश देणं कमी करतो आणि शुक्राणू घटतात. या दोघांना दुसरं मूल हवं होतं. मित्राला हे ठाऊक नसावं.

आठ आठवड्यांनी टीएसएच 3.6 आला. सहा आठवड्यांच्या आत तपासून फारसा उपयोग नसतो, आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. इच्छा मात्र रिपोर्टबरोबर परतली नाही, आणखी काही महिने गेले. त्या काळात दोघं संध्याकाळी गोदाघाटावर फिरायला जायचे, मी सांगितलं नसताना.

बाटली आता चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते. कंपनीत मात्र कुणी थकव्याचं विचारलं तर अजून ॲसिडिटीच सांगतात.