मोटरहोम घ्यायचीय? आधी स्टिअरिंग अन् दार बघा

भाऊ, दुबईतली डाव्या स्टिअरिंगची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, स्वस्तात मिळतीय म्हणून हुरळू नका. वापरलेली गाडी कायमची आयात करायची तर ती उजव्या स्टिअरिंगचीच आणि तीन वर्षांच्या आतली लागते. परदेशी पर्यटक कार्नेवर, म्हणजे गाडी परत नेण्याच्या हमीच्या कागदावर, तात्पुरती आणतात, ते वेगळं.

कायदा सोडा, रस्ता बघा. ऊसतोडीच्या हंगामात लातूर-अंबाजोगाई रस्त्यानं जाऊन या. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असला की डावीकडं बसून समोरचं काहीच दिसत नाही. दिसायला अर्धी गाडी उजवीकडं काढावी लागते, अन् तोवर एसटी तोंडावर आलेली असते. शेजारी बसून "थांबा, आता काढा" म्हणायला वहिनी आहेत म्हणता, पण त्यांनी डुलकी काढली तर?

मला विचाराल तर दाराचा मुद्दा याहून मोठा. दुबईसारखीच युरोपातही वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या मोटरहोमचं राहत्या भागाचं दार बहुधा उजवीकडं असतं. आपल्याकडं ते थेट रहदारीत उघडणार, आणि त्यातून लेकरं उड्या मारणार!

त्यापेक्षा इथलीच टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतून बांधून घ्या. सुटे भागही मिळतात. फक्त काम काढण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या, नंतर नव्हे.