मेंदूला मार लागलेल्या माणसाला भेटायला गेल्यावर काय बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की चुलतभावाच्या डोक्याला अपघातात मार लागला, आता आयसीयूतून वॉर्डात आणलंय, डोळे उघडतो, थोडं बोलतो, पण माणसं ओळखत नाही. भेटायला गेल्यावर काय बोलायचं आणि काय न्यायचं, असा तुमचा प्रश्न आहे. काय न्यायचं ते शेवटी सांगते. बोलायचं फार थोडं. आणि "मला ओळखलंस का?" हे तर चुकूनही विचारायचं नाही.

माझ्या धाकट्या भावाच्याही डोक्याला असाच मार लागला होता, आणि हा प्रश्न त्याला येईल त्याने विचारला. सुरुवात मामांनी केली. कॉटवर वाकून म्हणाले, "सांग बघू, मी कोण?" भाऊ बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर." मामा म्हणाले, "अरे नीट बघ!" मग मामी पुढे झाल्या, "बरं, मी कोण?" मागे दोन मावसभाऊ, त्यातला एक फोनवर शूटिंग करत होता. शेजारच्या पेशंटचा टीव्ही चालू. भावाने आधी डोळे मिटले, मग मान इकडेतिकडे फिरवायला लागला आणि शेवटी नाकातली नळीच ओढली. सिस्टर धावत आल्या, त्याचे हात बांधावे लागले. आई कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. बाहेर आल्यावर मामा म्हणतात, "बोलतं केलं नाही तर मेंदू गंजेल."

दुसऱ्या दिवसापासून मी दारात उभी राहिले. एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं, फोन बंद. "आम्ही त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय, तू कोण अडवणार?" हेही ऐकून घेतलं.

डोळे उघडले म्हणजे भान आलं असं नसतं. बेशुद्धी संपल्यावर मधला एक काळ असतो. त्यात मेंदू नवीन काही साठवून ठेवत नाही. सकाळी कोण आलं होतं ते दुपारी पुसलेलं असतं. अशा माणसाला ओळख विचारणं म्हणजे चार लोकांसमोर नापास करणं. शिवाय आपण बोलत असताना आजूबाजूचा आवाज आपला मेंदू आपोआप मागे टाकतो. मार लागलेल्या मेंदूला ते जमत नाही, सगळे आवाज एकदम अंगावर येतात, आणि माणूस थकून चिडतो. भावाने आईलाही अशा शिव्या दिल्या, ज्या त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकल्या नव्हत्या. शब्दांना आवर घालणारा भाग कपाळामागे असतो, त्यालाच इजा झाली होती. बहुतेकांच्या बाबतीत हा टप्पा येतो आणि जातो. तुमच्या भावाने शिवी दिली तर मनाला लावून घेऊ नका, आणि त्याच्या आईलाही हे आधीच सांगून ठेवा.

मामांना कुठून तरी "जीसीएस" हा शब्द कळला होता. चौदा आलाय म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांना फोन केले, पोरगा बरा झाला! जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी. ती १९७४ साली टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी मांडली. डोळे, बोलणं आणि हालचाल बघून ३ ते १५ गुण देतात. गोंधळून भलतंच बोलणाऱ्या माणसाचा त्यात एकच गुण कमी होतो, म्हणून चौदा. पुढे किती सुधारणा होईल याचा अंदाज घ्यायला डॉक्टर हेही बघतात की रोजचं रोज लक्षात राहायला किती काळ लागला. भावाला त्या दिवसांतलं आजही काही आठवत नाही. मामा मात्र प्रत्येक कार्यात सांगतात की हिने भाच्याला भेटू दिलं नाही. भेटू दिलं होतं, गर्दी करू दिली नव्हती.

तर, गेल्यावर आपलं नाव आणि नातं आपणच सांगा. तो कुठे आहे आणि काय झालंय, ते एका वाक्यात सांगा. मग थांबा, उत्तर यायला वेळ लागतो. "ऑफिसला निघालोय" म्हणाला तर वाद घालू नका, हो ला हो पण करू नका, विषय बदला. नुसतं हात धरून बसलात तरी चालतं.

थेरपिस्ट मंडळी तारीख, जागा, नाव विचारतात, पण ती मोजणी असते आणि कधी थांबायचं ते त्यांना कळतं. आणि पेशंट अजून बेशुद्ध असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ओळखीच्या आवाजात जरूर बोला. फक्त उशाशी उभं राहून "हा आता पूर्वीसारखा होणार नाही" असली चर्चा नको. आमच्याकडे तीही झाली. २००६ साली एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञाच्या गटाने, काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून टेनिस खेळतेय अशी कल्पना करायला सांगितलं, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. सगळ्यांचं असं असतं असं नाही, पण ऐकू येतंय असं धरूनच वागा.

न्यायचं म्हणाल तर घरच्यांचे दोनतीन फोटो, मागे नावं लिहून. एक वही, त्यात प्रत्येकाने आलो-गेलो लिहायचं. खायचं काही नको. पाणी मागितलं तरी सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नका, गिळणं बिघडलेलं असेल तर घोट फुप्फुसात जातो.