बी.एस्सी. बायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहेस? मग आत्ता एवढंच बघ

अगं, पहिल्याच महिन्यात पीएच.डी. परदेशात की इथं, हे कशाला डोक्यात घेतेस? आधी 'नीट हुकली म्हणून इकडं आले' हे रडगाणं बंद कर. कोल्हापुरात निम्मा वर्ग तेच गातो.

सर-मॅडमना भेट, पण 'काहीतरी प्रोजेक्ट द्या' म्हणत जाऊ नको. रंकाळ्याचं बाटलीभर पाणी आण, एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेव, दिसेल ते पेन्सिलीनं वहीत काढ, तारीख आणि जागा लिही. मग 'हे डायटम (एकपेशी सूक्ष्म शैवाल) आहे का?' असं विचारायला जा. अशा पोरीला सर स्वतःहून खुर्ची देतात. राधानगरीला गेलीस आणि गवा नाही दिसला तर रुसू नको, झाडांच्या सालीवरची दगडफुलं बघ.

दुसऱ्या वर्षापासून विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपवर नजर ठेव. साधारण दोन महिने मोठ्या संस्थेत काम करायला मिळतं. शिफारसपत्र लागतं, ते ओळख नसलेल्या सरांकडून कसं मिळणार? शिवाय अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरायचे असतात. आपली पोरं जागी होतात मे महिन्यात!

आणि स्टॅटिस्टिक्सचा तास बुडवू नको.

जॅम, गॅट-बी वगैरे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांचं नंतर बोलू.