पगार अर्धवट मिळतो, म्हणून मी शिक्षक म्हणून संपलो का?

"मॅडम, पहिल्या तासाची घंटा झाली की पोटात गोळा येतो. वर्गात जावंसंच वाटत नाही. मी संपलोय का?"

अंशतः अनुदानित, म्हणजे सरकार पगाराचा काही टक्केच भाग देतं अशा शाळांतले कितीतरी शिक्षक माझ्याकडे समुपदेशनाला हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांतल्या एका गणिताच्या सरांबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर लागले तेव्हा शाळा विनाअनुदानित होती. कित्येक वर्षं बिनपगारी शिकवलं. 2016 नंतर 20 टक्के अनुदान आलं, पुढे टप्प्याटप्प्यानं 60 वर गेलं. संध्याकाळी शिकवण्या, सुट्टीत शेत.

"सगळ्यात जास्त काय लागतं मनाला?" मी विचारलं. सर चणचणीबद्दल बोललेच नाहीत. शेजारच्या खुर्चीवरचे सर अनुदानित तुकडीवर आहेत, त्यांना पूर्ण पगार मिळतो. तास तेवढेच, पेपर तेवढेच, निवडणुकीची ड्यूटीही तीच. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की सर मोबाइल उलटा ठेवतात, शेजाऱ्याला आकडा दिसू नये म्हणून.

त्यात संस्थेनं दहावीचा निकाल सर्वांत चांगला लावणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर केलं. झालं उलटंच. कच्ची मुलं दुसऱ्याच्या तुकडीत ढकलायची ओढाताण सुरू झाली, नोट्स कपाटात कुलूपबंद झाल्या. हक्काचा पगार थकलेला असताना दिलेलं बक्षीस माणसाला सुखावत नाही, डिवचतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये मांडलं, की कमी पगारानं असमाधान येतं, पण कामातला आनंद कामातूनच येतो. इंडोनेशियात प्रमाणपत्रधारक शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट झालं, तेव्हा त्यांचं समाधान वाढलं, घरखर्चाचा ताण आणि जोडधंदे कमी झाले. मुलांच्या गुणांत मात्र फरक पडला नाही. मी त्याचा अर्थ असा घेते: पगाराचं दुखणं खरं असतं, पण त्यावरून स्वतःच्या शिकवण्याची किंमत करू नये.

सरांना म्हटलं, उद्या शंभर टक्के पगार झाला तरी काय खुपत राहील, तेवढंच लिहून आणा. दोनच ओळी आल्या. एक, रोजची ऑनलाइन माहिती भरणं. दुसरी, "नववीच्या मुलांना अजून अपूर्णांक येत नाहीत."

"सर," मी म्हटलं, "संपलेल्या शिक्षकाला हे खुपत नाही."

मग पगाराचा प्रश्न पगाराचा म्हणूनच हाताळला. सरांच्या पत्नी एका सत्राला आल्या, दोघांनी मिळून महिन्याचा हिशेब मांडला. पुढच्या मे महिन्यापर्यंत वाट पाहायची, तोवर संघटनेच्या पाठपुराव्यात राहायचं, मग दुसरीकडे अर्ज करायचे, असं त्यांचं ठरलं. एक शिकवणी बंद केली. बक्षिसाच्या चढाओढीत आपण नाही, हे त्यांनी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं आणि नववीसाठी शनिवारचा एक जादा तास मागून घेतला.

अनुदान अजून शंभर टक्के झालेलं नाही. सर महिन्यातून एकदा येतात. हल्ली निम्मा वेळ अपूर्णांकांवरच बोलतात.