राजीनाम्याचा कागद तूर्त बाजूला ठेवा
कर्करोगावरील उपचार आणि नोकरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून दादरच्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात १८ वर्षे नोकरी करते. जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर भरण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. महिन्यापूर्वी माझी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आता दर २१ दिवसांनी एक अशा केमोच्या ४ सायकल, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा १२ आणि शेवटी रेडिएशन असा उपचारांचा क्रम डॉक्टरांनी सांगितला आहे. यजमान म्हणतात, नोकरी सोड आणि घरी आराम कर. मला काम सोडायचे नाही. पण रोज डोंबिवलीहून गर्दीतून येणे झेपेल का, आणि साहेबांना नेमके किती सांगावे, हे कळत नाही.

उत्तर : तुम्ही बऱ्याच गोष्टी एकत्र विचारल्या आहेत, पण त्यांतली राजीनाम्याची गोष्ट सर्वांत निकडीची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. निदानानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत कृपया राजीनामा देऊ नका. रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात इतकी वर्षे बसून मी पाहिले आहे की या काळात नोकरीविषयी घेतलेला निर्णय पुष्कळदा घाबरून घेतलेला असतो, आणि उपचार संपून डोक्यावर केस परत येऊ लागले की त्याच बाई नवी नोकरी कशी मिळवायची हे विचारायला येतात. रजा संपली तर बिनपगारी रजा मागता येते, कामाचे तास कमी करून घेता येतात; दिलेला आणि स्वीकारला गेलेला राजीनामा मात्र कंपनीच्या मर्जीवाचून परत मिळत नाही.

यजमानांची काळजी खरी आहे, तिचा मान ठेवूनच त्यांच्याशी बोला. पण बोलताना विम्याचे कागद समोर ठेवा. नोकरी सुटली की कंपनीच्या गटविम्याचे संरक्षणही संपते. त्यानंतर नवी वैयक्तिक पॉलिसी घ्यायला गेलात, तर कर्करोग हा आधीपासूनचा आजार धरून त्यासाठी ३ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो किंवा विमा कंपनी पॉलिसी द्यायलाच नकार देऊ शकते. पुढेमागे नोकरी सोडावीच लागली, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, याची लेखी विचारणा नोकरीत असतानाच करा.

आता काम झेपेल का, याविषयी. केमोचा त्रास सर्व दिवस सारखा नसतो, आणि नोकरी टिकवण्याची सगळी किल्ली याच गोष्टीत आहे. २१ दिवसांच्या सायकलमध्ये पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि गळून गेल्यासारखा थकवा असतो; साधारण ७व्या ते १४व्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशींचा काउंट सर्वांत खाली जातो, तेव्हा बरे वाटत असले तरी संसर्गाची भीती जास्त असते; तिसरा आठवडा बहुतेकांना त्यातल्या त्यात चांगला जातो. म्हणून पहिला आठवडा रजा, दुसरा आठवडा घरून काम आणि तिसऱ्या आठवड्यात शक्य तितके दिवस कार्यालयात, अशी ढोबळ मांडणी करता येते. पहिल्या दोन सायकलमध्ये मात्र कोणालाही कसलेही पक्के आश्वासन देऊ नका, कारण तुमच्या शरीराची स्वतःची चाल तेव्हाच कळेल.

तुमच्या कामात आणखी एक पेच आहे. जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या ११ आणि २० या शेवटच्या तारखा महिन्याला बांधलेल्या आहेत आणि सायकल २१ दिवसांना, त्यामुळे एका महिन्यात २० तारीख तुमच्या चांगल्या आठवड्यात येईल, तर दुसऱ्या महिन्यात नेमकी केमोच्या दुसऱ्या दिवशी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर केमोच्या सर्व तारखा आजच लाल पेनाने मांडा आणि ११ व २० तारखेभोवती गोल करा. कोणत्या महिन्यांत टक्कर होते हे लगेच दिसेल, आणि तेवढ्याच महिन्यांसाठी मदतनीस मागता येईल. सगळे काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापेक्षा ही मागणी साहेबांनाही मान्य करायला सोपी जाते.

साप्ताहिक केमो सुरू झाल्यावर दिवस बरे जातात, पण त्या औषधाने हातापायांच्या बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे हा त्रास अनेकींना होतो, आणि कीबोर्डवर आकडे टाकणाऱ्या माणसाला तो चांगलाच जाणवतो. असे झाले तर सहन करत बसू नका. डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा, कारण औषधाची मात्रा बदलण्याचा विचार वेळीच करावा लागतो. केमोच्या काळात विसरभोळेपणा येतो, आकड्यांची उलटापालट होते, हेही खरे आहे. तुम्ही भरलेले विवरणपत्र पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कोणी नजरेखालून घालावे, अशी व्यवस्था स्वतःच मागून घ्या. १८ वर्षे चूक न करणाऱ्या बाईला हे मागणे जड जाईल, हे मी समजू शकते, परंतु दंडाची नोटीस आल्यावर खुलासा देत बसणे त्याहून जड जाते.

रेडिएशनचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक घेणे म्हणतात त्याचे, गणित वेगळे आहे. ते सोमवार ते शुक्रवार रोज, साधारण ३ ते ५ आठवडे चालते. प्रत्येक वेळी यंत्राखाली काही मिनिटेच जातात, पण थकवा साचत जातो आणि शेवटच्या आठवड्यांत व त्यानंतरही काही दिवस सर्वाधिक असतो. सकाळची पहिली वेळ मिळते का ते रुग्णालयात आधीच विचारा.

साहेबांना किती सांगावे? आजाराचे नाव, उपचार अंदाजे किती महिने चालतील आणि तुम्हाला काय हवे आहे, एवढे पुरे. कोणती पायरी, गाठ किती मोठी, पुढे काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. आधी समक्ष बोला आणि त्याच दिवशी ईमेल करा : 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझे उपचार चालतील. प्रत्येक सायकलमध्ये ५ दिवस रजा, पुढील आठवडा घरून काम आणि उर्वरित दिवस कार्यालयात उपस्थिती, अशी परवानगी मिळावी. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. दर ६ आठवड्यांनी या व्यवस्थेचा आपण फेरविचार करू.' हे लेखी असणे फार महत्त्वाचे आहे, कारण खासगी नोकरीत केवळ कर्करोगाच्या रुग्णांना संरक्षण देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही आणि साहेब बदलले की तोंडी शब्द हवेत विरून जातो. शिल्लक रजांचा हिशेबही लेखी मागवा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेतील कंपन्यांमध्ये ४५ दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवता येते. सहकाऱ्यांपैकी कोणाला सांगायचे, हे मात्र पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे.

प्रवासासाठी एक सोय अनेकींना ठाऊक नसते. मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो; रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पर्समध्ये कायम ठेवा. काउंट खाली असलेल्या आठवड्यात मात्र तोही प्रवास नको. आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर हातातले विवरणपत्र तसेच सोडून त्याच क्षणी रुग्णालयाला फोन करा, त्यासाठी संध्याकाळची वाट पाहू नका.

(ज्या वाचकांचे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होते, त्यांनी एक लक्षात ठेवावे. वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात या योजनेतून २ वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के दराने विस्तारित आजारपण लाभ मिळू शकतो. माहितीअभावी याचा अर्जच न केलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.)

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून सेवेची २४ वर्षे झाली आहेत. कर्करोगामुळे माझे स्वरयंत्र काढावे लागले. आता गळ्यावरील छिद्रातून श्वास घेतो. आवाज नसलेला शिक्षक शाळेच्या काय कामाचा, असे वाटते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे.

उत्तर : गुरुजी, तो अर्ज आजच देऊ नका. कर्करोग हा आजार २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारच्या अपंगत्वांमध्ये मोडत नाही. परंतु त्याच कायद्यात वाचा व भाषा अपंगत्वाची व्याख्या देताना स्वरयंत्र काढल्यामुळे आलेल्या कायमच्या अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आजारामुळे नव्हे, पण शस्त्रक्रियेने जे गेले त्यामुळे तुम्हाला या कायद्याचा आधार मिळतो. कलम २० असे सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर ढकलू शकत नाही. मूळ काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा, पदावर ठेवावे लागते. तुमच्या सहीने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला, तर पुढे हे संरक्षण मागणे अतिशय अवघड होईल. म्हणून आधी जिल्हा शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या आणि त्याची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी विनंती करा.

तोवर रजेचा हिशेब पाहा. अर्धवेतनी रजा पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे २० दिवस जमा होते. २४ वर्षांत तुम्ही ती वापरलीच नसेल, तर ४८० दिवस होतात, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित करून (अर्धवेतनाच्या दोन दिवसांऐवजी पूर्ण वेतनाचा एक) घेतल्यास पूर्ण वेतनाचे २४० दिवस मिळू शकतात. ही परिवर्तित रजा कर्मचारी कामावर परतेल या अपेक्षेने मंजूर होते, हेही ध्यानात असू द्या.

आणि आवाजाविषयी. स्वरयंत्र गेले म्हणजे बोलणे कायमचे गेले, असे नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक लहानशी झडप बसवतात. छिद्र बोटाने झाकून हवा तिच्यातून नेली की बोलता येते. ही झडप काही महिन्यांनी बदलावी लागते, तो खर्च आणि तेवढ्या फेऱ्या धरूनच निर्णय घ्या. काही जण गळ्याला टेकवायचे विजेरीवरील यंत्र वापरतात, तर काही अन्ननलिकेतून बोलायला शिकतात. तुम्हाला काय योग्य, हे शल्यचिकित्सक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतील. त्यांच्याकडे जाणे शस्त्रक्रियेइतकेच आवश्यक समजा. आवाज पूर्वीपेक्षा खोल आणि हळू येतो, म्हणून वर्गात कमरेला बांधायचा छोटा ध्वनिक्षेपक लागेल. खडूची धूळ थेट छातीत जाऊ नये यासाठी छिद्रावर गाळणी किंवा सुती रुमाल हवाच आणि फळा पांढरा मागून घ्या. मुले काय म्हणतील याची धास्ती तुमच्या पत्रातून जाणवली. पहिल्या दिवशी छिद्र लपवू नका, ते काय आहे हे फळ्यावर चित्र काढून त्यांना शिकवा. चौथीची मुले आठवडाभर कुतूहलाने पाहतील आणि नंतर आपल्या अभ्यासाला लागतील.

प्रश्न : वय २७, पुणे. लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) उपचार संपून मी बरा झालो आहे. मुलाखतींमध्ये ८ महिन्यांच्या खंडाविषयी विचारतात. खरे सांगावे का?

उत्तर : खोटे कारण सांगू नका, पण सगळे उलगडून सांगण्याचेही बंधन नाही. 'प्रकृतीच्या कारणाने उपचार घेत होतो, ते पूर्ण झाले असून पूर्ण वेळ काम करण्यास डॉक्टरांनी मला तंदुरुस्त ठरवले आहे,' हे एक वाक्य सरावाने शांतपणे म्हणायला शिका आणि लगेच कामाच्या विषयाकडे वळा. तसे प्रमाणपत्र तुमच्या कर्करोगतज्ज्ञांकडून घेऊन ठेवा. नेमणुकीच्या वेळी भरायच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये आजाराविषयी थेट प्रश्न असेल, तर तिथे मात्र खरेच लिहा. तेथील खोटी माहिती पुढे नोकरीवर आणि विम्याच्या दाव्यावरही उलटू शकते. गटविम्यात आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का, हे नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्या. तपासण्यांच्या तारखा सुरुवातीची काही वर्षे ठरावीक अंतराने येत राहतील. रुजू झाल्यावर त्या दिवसांची रजा आधीच नोंदवून ठेवा आणि कामाचा ताण आहे म्हणून त्यांतली एकही तपासणी पुढे ढकलू नका.