गावी एकट्या राहणाऱ्या वडिलांसाठी, पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ घ्यावं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडील ७४ वर्षांचे, शिरपूरजवळच्या गावात एकटे राहतात आणि तुम्ही पुण्याला नोकरीला. दुकानदार दाखवतोय ते घड्याळ माणूस पडला की आपोआप फोन लावतं, शिवाय बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं सांगतं म्हणे. घ्यावं का, असा तुमचा प्रश्न.

पडल्यावर फोन लावणारं घड्याळ जरूर घ्या. बीपी-शुगरच्या नावाने मात्र एक रुपया जास्त मोजू नका. आणि पैसे देण्याआधी गावच्या दाराला आतून कसली कडी आहे ते बघून या.

कडीचं का म्हणते ते सांगते. माझं माहेर यावल तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. आई एकटी राहते, मी नाशिकला. तीन वर्षांपूर्वी ऐन थंडीत, पहाटे पाचच्या सुमारास ती मोरीत घसरून पडली. फोन खाटेवर उशीखाली. साडेआठला दूध द्यायला आलेल्या बाईला आतून कण्हण्याचा आवाज आला तेव्हा लोक जमले. साडेतीन तास ती ओल्या फरशीवर एका कुशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, जळगावला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते मी विसरणार नाही. हाड बसवता येतं, पण म्हातारं माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहिलं की दबलेले स्नायू तुटू लागतात, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि भार मूत्रपिंडांवर येतो. अंग गार पडतं, अंगातलं पाणी कमी होतं, कातडीला जखमा होतात. पडण्याइतकंच पडून राहणं घातक. घड्याळाचा खरा उपयोग हा पडून राहण्याचा वेळ कमी करण्यासाठी आहे.

आई बरी झाल्यावर माझ्या नवऱ्याचा जुना आयफोन तिला दिला आणि ॲपलचं घड्याळ घेतलं, कारण ते घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. पडण्याची जाणीव होण्याची सोय त्यांनी २०१८ मध्ये, चौथ्या मालिकेपासून (सिरीज ४) आणली. आत हालचाल मोजणारे सेन्सर असतात. हाताला अचानक वेग आला, मग जोराचा धक्का बसला, तर घड्याळ मनगटावर थरथरतं, वाजतं आणि ‘मी ठीक आहे’चं बटण दाखवतं. माणूस साधारण मिनिटभर हललाच नाही, तर ३० सेकंद उलटी मोजून ते आपत्कालीन नंबरला फोन लावतं आणि नंतर आपण नोंदवलेल्या माणसांना ठिकाणासकट मेसेज पाठवतं. वय ५५ किंवा जास्त नोंदवलं असेल तर ही सोय आपोआप चालू होते. वडिलांची जन्मतारीख नीट भरा. घाईत लोक स्वतःची भरतात. सॅमसंगच्या काही घड्याळांतही ही सोय आहे, पण तिथे ती सेटिंगमध्ये जाऊन चालू केली आहे ना हे स्वतः बघा.

मागच्या वर्षी आई पुन्हा पडली. चक्कर येऊन अंगणात, पहाटेच. या वेळी घड्याळ हातात होतं. दोन मिनिटांच्या आत ११२ ला फोन गेला, मला मेसेज आला, मी शेजारच्या काकांना उठवलं. सगळं ठरल्याप्रमाणे. आणि १०८ ची गाडी दारात उभी असताना दार आतून बंद! जुनं सागवानी दार, लोखंडी अडसर. शेवटी काकांचा मुलगा आपल्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरून, आमच्या धाब्यावर आला आणि अंगणात उतरला. आमच्याकडे घरांची धाबी एकमेकांना लागून असतात म्हणून हे जमलं. घड्याळाला लागली दोन मिनिटं, दाराला लागली पंचवीस. सुदैवाने त्या दिवशी फक्त मुका मार होता.

म्हणून भाऊ, आधी कोण येणार ते ठरवा, मग घड्याळ. पहिला माणूस पुण्याचा नको, गल्लीतला हवा. निदान दोन घरं, त्यातलं एक तरुण माणसांचं, कारण पडलेल्याला उचलायला बळ लागतं. त्यांच्या फोनवर रात्री आवाज बंद असतो, तेव्हा तुमचा आणि वडिलांचा नंबर आवाज बंद असतानाही वाजेल असं सेटिंग त्यांच्याकडे बसून स्वतः करून द्या. दाराला दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारं लॅच लावा. न्हाणीच्या दाराची आतली कडी सरळ काढून टाका, पडदा पुरतो. आणि शेजाऱ्यांना एवढं बजावून ठेवा की पडलेला माणूस खुब्यात दुखतंय म्हणत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर ओढून बसवायचं नाही, चोळायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. पांघरूण घालायचं आणि १०८ ची वाट बघायची. वडिलांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना.

आता घड्याळ निवडताना. बाजारात दोन-तीन हजारांची जी ‘कॉलिंग’ घड्याळं मिळतात त्यांतली बहुतेक ब्लूटूथवर चालतात. म्हणजे फोन जवळ असेल तरच कॉल. वडील मळ्यात आणि फोन घरात चार्जिंगला, तर हातातली वस्तू फक्त वेळ सांगेल. एकट्या माणसाला स्वतःचं सिम असलेलं घड्याळ बरं. पण इथेही एक खड्डा आहे. स्वस्तातल्या सिमवाल्या घड्याळांत अनेक फक्त टूजीवर चालतात, आणि जिओचं नेटवर्क टूजी नाहीच, त्यात जिओचं सिम चालायचं नाही. विकत घेताना ‘फोरजी आहे का’ हे विचारा आणि दुकानातच फोन लावून बघा. गावात गेल्यावर न्हाणी, मागचं परस, गोठा, विहिरीचा काठ, असं फिरून प्रत्येक ठिकाणाहून फोन लागतो का ते तपासा. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतींमागे रेंज पडते, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे जसजसं सरकावं तसतसं अवघड होतं. वायफायवर विसंबू नका, लाईट गेली की तेही गेलं.

काही गोष्टी वापरल्यावरच कळल्या. आईच्या डाव्या मनगटावर जुनं गोंदण आहे, दाट हिरवं. घड्याळ नाडी मोजतं ते हिरवा उजेड कातडीत टाकून आणि परत येणारा उजेड वाचून. गोंदणाची शाई तो उजेड अडवते. घड्याळाला वाटायचं हातच नाही, सारखा कुलूप-नंबर मागायचं. उजव्या हातावर बांधलं तेव्हा सुरळीत झालं. बांगड्या असतील तर घड्याळ त्यांच्या वर, कोपराकडे. वडिलांच्या हातावर नाव गोंदलेलं असेल तर आधी दुसऱ्या हाताचा विचार करा.

धुणं आपटताना, लाकडं फोडताना खोटी सूचना येऊ शकते. आईला मी शेजारी बसून ‘मी ठीक आहे’चं बटण दाबायला शिकवलं, दहा-बारा वेळा, चिडचिड न करता. उलट बाजूही लक्षात ठेवा. माणूस भिंतीला धरत हळूहळू खाली बसला, खाटेवरून घसरला, तर धक्का कमी बसतो आणि घड्याळाला पत्ता लागत नाही. म्हणून बाजूचं बटण दाबून ठेवून मदत मागायचा सरावही हवाच. त्या बटणाशेजारी मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.

चार्जिंगचं वेळापत्रक ठरवा. आईच्या ॲपलच्या घड्याळाची बॅटरी साधारण १८ तासांची. लोक आंघोळीला काढतात आणि रात्री चार्जिंगला लावतात. नेमक्या त्याच दोन वेळा धोक्याच्या. पाण्यात चालणारं घ्या आणि आंघोळीला हातातच राहू द्या. आई संध्याकाळी जेवताना तासभर लावते, पुन्हा झोपताना घालते. उन्हाळ्यात जपा. ॲपल स्वतः सांगतं की हे घड्याळ ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. उन्हात पत्र्याखाली चार्जिंगला ठेवू नका.

आता बीपी-शुगर. माझ्या भाच्याने त्याचा स्वस्तातला पट्टा केळीच्या घडाला बांधून दाखवला. पट्ट्याने केळीची नाडी ७८ दाखवली. मला ते बघून भीती वाटली, कारण असल्या आकड्यांवर लोक गोळ्या कमी-जास्त करतात. मनगटावरून बीपीचा अंदाज देणारी नावाजलेली घड्याळंसुद्धा आधी दंडाच्या यंत्राशी जुळवावी लागतात. सॅमसंगचं दर २८ दिवसांनी. मग दंडाला बांधायचं यंत्रच घ्या ना. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून मोजायला वडिलांना शिकवा.

शुगरबद्दल तर शंकाच ठेवू नका. सुई न टोचता शुगर सांगणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. शुगर सतत बघायचीच असेल तर दंडाला चिकटवायचा सेन्सर मिळतो. त्याचा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि तो काही दिवसांनी बदलावा लागतो. डॉक्टरांना विचारून घ्या. ऑक्सिजनचा आकडाही सांभाळून वाचा. काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये बोटाचं यंत्रसुद्धा ऑक्सिजन खरा आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे २०२० च्या शेवटी अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं.

ईसीजी हा एक भाग मात्र कामाचा आहे. बोट टेकवून ३० सेकंदांत हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत का ते कळतं, आणि तसे ठोके लकव्याचं एक मोठं कारण असतात. पण हार्ट अटॅक त्यात कळत नाही, ॲपल कंपनी स्वतःच तसं सांगते. छातीत दुखतंय, घाम फुटलाय आणि घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणतंय, तर घड्याळाचं ऐकायचं नाही.

एवढं महाग जमणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आणीबाणीचं बटण असावं असा सरकारी नियम आहे. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा. बटणांचा फोन दोरीने गळ्यात अडकवला तरी तो उशीखालच्या फोनापेक्षा कितीतरी बरा.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. घड्याळ आणलं तेव्हा आई म्हणाली, “गायीच्या कानाले बिल्ला मारता, तसा मले मारून राहिली का तू?” मी तिला न विचारता आणलं होतं. आठ दिवस ते कपाटात पडून राहिलं. मग मी तिला मोरीतल्या त्या साडेतीन तासांबद्दल विचारलं, जे मी कधी विचारलंच नव्हतं. ती बोलली, बराच वेळ बोलली, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतः घड्याळ मागितलं. वडिलांना आधी विचारा. ते कुठे जातात ते तुम्हाला फोनवर दिसणार असेल तर तेही आधी सांगा.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी जाल तेव्हा हे सगळं एकदम करा. सिमवालं घड्याळ घेतलं तर पहिला नंबर गल्लीतल्या शेजाऱ्यांचा ठेवा आणि त्यांना सांगून एकदा बटण दाबून बघा. ११२ ला मात्र चाचणीचा फोन लावू नका. लॅचचं माप आधी घेऊन ठेवा, आणि किल्ल्या तीन करा: वडिलांची, तुमची, शेजाऱ्यांची.